अर्धी ओळ पुढे

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, फळ्यांना एक चौकोनी भोक आहे. प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर लाकडी आडोसा आहे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्याला आडोसा दिसतो, आतलं काही दिसत नाही. आत बाई असतात. गेली एकोणतीस वर्षं असतात. डोकं रंगमंचाच्या पातळीला आणि बाकीच्या बाई तळघरात. खाली गोल स्टूल, त्यावर दोनदा खोळ बदललेली उशी, समोर पुस्तक ठेवायला उतरती फळी आणि फळीच्या कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा. खालून बारा महिने गार वारा येतो, म्हणून पायांत लोकरीचे मोजे. या जागेतून बाईंनी राजे पाहिले, राण्या पाहिल्या, विष घेऊन मरणारे प्रेमिक पाहिले, पण सगळे पायांकडून वर. कुठल्या गायकाच्या बुटाचा तळ झिजलाय, हे कपडेपटवाल्यांच्या आधी बाईंना कळायचं.

बाई ऑपेराच्या प्रॉम्प्टर. नाटकातला प्रॉम्प्टर नट विसरला की बोलतो. बाईंचं काम तसं नव्हतं. ऑपेरात गाणाऱ्याला सूर सांभाळायचा, ताल सांभाळायचा, हातवारे करायचे आणि वर प्रेमातही पडायचं. म्हणून प्रत्येक ओळीच्या आधी, तो विसरलेला असो की नसो, त्या ओळीचे पहिले दोन-तीन शब्द बाई खालून सांगणार. नेमक्या वेळी, नेमक्या आवाजात, पहिल्या रांगेलाही कळणार नाही असं. गायक ते घेतात आणि पुढे जातात. तीन तासांचा खेळ असला, की बाई तीन तास सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे.

आता एवढी वर्षं एखादी गोष्ट केली, की ती काय नाट्यगृहाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येते? भाजीवाला “आज टोमॅटो” म्हणतोय, तोवर बाई “नरम आहेत, नकोत” म्हणून पुढच्या गाडीवर पोचलेल्या असायच्या. दातांच्या डॉक्टरनी “आता जरा” म्हटलं, की बाई स्वतःच “दुखेल, माहितीय” म्हणून मोकळ्या. परगावी नोकरी करणारी मुलगी फोनवर आधी सांगायची, “आई, बाबांना फोन दे आणि तू स्वयंपाकघरात जा. दार लाव.”

कारण खरी गंमत बाबांची होती. त्यांना सगळे काका म्हणत. काका लिफ्ट दुरुस्त करत. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसांना बाहेर काढणं हे त्यांचं मुख्य काम. माणूस शांत, हात सोन्यासारखे, आणि बोलताना लहानपणापासून अडखळणारा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. काकांची मान किंचित ताठ व्हायची, डोळे खाली जायचे, आणि समोरचा माणूस उगाच घड्याळाकडे पाहायचा. अशा वेळी बाई तो शब्द हळूच देऊन टाकत. काका मान हलवत, “हो, तेच,” म्हणत. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेव्हापासून हे चाललं होतं. बाई हे प्रेमानेच करत, त्यात तिळमात्र शंका नाही. आपल्या माणसाची चारचौघांत अडचण होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं. लोक म्हणत, काय जोडी जमलीय! बाईंनाही तसंच वाटे. काकांना काय वाटतं ते विचारायचं राहून गेलं होतं. विचारलं असतं तरी उत्तर बाईंनीच दिलं असतं.

त्या वर्षी नाट्यगृहाने एक नवा विनोदी ऑपेरा घेतला. संगीत एका तिशीतल्या मुलीचं. ती वाद्यवृंदही स्वतःच चालवायची आणि तालमीला कायम एकच हिरवा स्वेटर घालून यायची. गोष्ट अशी, की धुक्यामुळे बोट सुटत नाही आणि पाच अनोळखी प्रवासी धक्क्यावरच्या एका खोलीत अडकून पडतात. त्यात दातांचा एक डॉक्टर, ज्याची स्वतःचीच दाढ ठणकतेय. दुसऱ्याच कोणाची तरी बॅग घेऊन आलेली नवरी. दोघे भाऊ एक कपाट घेऊन निघालेले, आणि ते कपाट दारात अडकल्यामुळे कोणालाच आत-बाहेर करता येत नाही. पाचवी एक विधवा. अकरा वर्षं पत्रं लिहिणाऱ्या एका गृहस्थाला ती पहिल्यांदा भेटायला निघालीय. पहिले दोन अंक नुसता गोंधळ. तालमीत वाद्यवृंदातले लोकसुद्धा हसून हसून सूर चुकवत.

तिसऱ्या अंकात मात्र एक जागा होती. धुकं विरळ होतं, आणि तिकीट खिडकीवरचा कारकून विधवेला विचारतो, “बोट आली, तर जाल?” सगळी वाद्यं थांबतात. विधवा काही बोलत नाही. मग एकच शब्द गाते, “जाईन.” त्या दोहोंच्या मध्ये, रिकाम्या रेघांवर, संगीतकार मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं: जितका वेळ लागेल तितका.

बाईंनी हे वाचलं आणि पान उलटून मागेपुढे पाहिलं. किती मात्रा? किती सेकंद? काहीच नाही. असली सूचना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

सोमवारी ती जागा पहिल्यांदा तालमीला आली. कारकुनाने विचारलं. वाद्यं थांबली. एक सेकंद गेला, दोन गेले, आणि भोकातून स्पष्ट आवाज आला, “जाईन.” विधवेचं काम करणाऱ्या गायिकेला सगळे ताई म्हणत. वीस वर्षं बाईंच्या भरवशावर गाणाऱ्या ताईंनी तो शब्द तिथल्या तिथे उचलला आणि गाऊन टाकला. संगीतकार मुलीने हात खाली केले. “पुन्हा.” पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा दाढवाला डॉक्टर आणि कपाटवाले भाऊ कपाटाला धरून हसत होते, आणि ताई कळवळून म्हणाल्या, “बाई, तुम्ही सांगितलंत की मला घ्यावंच लागतं हो. माझं तोंड आपोआप उघडतं.”

मुलगी रंगमंचावर चढली आणि भोकापाशी उकिडवी बसली. एवढ्या वर्षांत कोणी संगीतकार तिथे येऊन बसला नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “त्या विसरलेल्या नाहीयेत. त्या विचार करतायत.”

बाईंनी मान डोलावली, पण मनात म्हणाल्या, शब्द ठाऊक असताना गप्प बसायचं, याला काय काम म्हणायचं?

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली एक चिठ्ठी होती. काका कामावर गेले होते. त्यांचा तो शेवटचा आठवडा. शुक्रवारी दुपारी चारला कंपनीत त्यांचा निरोप समारंभ होता. गेले तीन दिवस ते जेवताना काहीतरी सांगू पाहत होते. “शुक्रवारी तू...” म्हणाले की बाई म्हणत, “लवकर येते, तालीम दोनला संपते.” “तसं नाही, मी...” म्हणाले की बाई म्हणत, “निळा कोट घाला, इस्त्री करून ठेवलाय.” काका हसून गप्प बसत. चिठ्ठीत लिहिलं होतं:

“शुक्रवारी मी स्वतः चार शब्द बोलणार आहे. तू समोर असलीस की तू सांगशील आणि मी घेईन. म्हणून तू येऊ नकोस, एवढंच तीन दिवस सांगतोय. रागावू नकोस. कोट निळाच घालतो.”

बाई रागावल्या. चहाचा कप त्यांनी असा आपटला की कान तुटून हातात आला. तेहतीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याने आपल्याला समारंभाला येऊ नको म्हणावं! बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत कोण बोललं याच्या वतीने? तुटका कान त्यांनी कपाला पुन्हा पुन्हा लावून पाहिला. राग उतरला तशी खाली दुसरीच गोष्ट निघाली. ती लाज होती. आपल्या नवऱ्याला आपल्याला एक वाक्य सांगायला चिठ्ठी लिहावी लागली. आणि ताईंबद्दल कालच ऐकलेलं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्या विसरलेल्या नाहीयेत. त्या विचार करतायत.

संध्याकाळी काका आले ते दबकतच आले. बाईंनी पाणी दिलं.

“मला यायचंय,” बाई म्हणाल्या.

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“गप्प बसेन. शपथेवर सांगते.”

काकांना हसू आलं. बाई हट्टाने म्हणाल्या, “हसताय काय? तालमीत एक जागा आहे, तिथे गप्प बसायला सांगितलंय मला.”

“मग? बस... बसलीस?”

“चार वेळा सांगितलं,” बाई खाली मान घालून म्हणाल्या. घरात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

काका पोट धरून हसले. मग डोळे पुसत, मध्ये दोनदा अडकत, त्यांनी अट घातली. गुरुवारी रंगीत तालीम आहे ना? त्या जागी गुरुवारी गप्प बसलीस, तर शुक्रवारी ये. नाही जमलं, तर घरी थांब. दोनदा अडकले त्या दोन्ही वेळा बाईंनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

बुधवारी बाईंनी होते नव्हते ते सगळे उपाय केले. त्या जागेच्या आधी तोंडात पेपरमिंटची मोठी गोळी ठेवली. “जाईन”च्या नादात ती घशात गेली आणि ठसका लागून तालीम पाच मिनिटं थांबली. मग रुमालाचा बोळा तोंडात धरला. या वेळी आवाज आला नाही, पण तरीही ताईंनी दुसऱ्या सेकंदाला गायलं.

“आता मी काय केलं?” रुमाल काढत बाईंनी विचारलं.

“बाई, तुमच्या भुवया ‘जाईन’ म्हणत होत्या,” ताई म्हणाल्या.

संगीतकार मुलीने फक्त कपाळाला हात लावला आणि पुढचं पान उलटलं. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

त्या संध्याकाळी बाई काकांसमोर खुर्ची ओढून बसल्या. “मला काहीतरी सांगा. काहीही. मी तोंड उघडणार नाही, भुवयासुद्धा हलवणार नाही.”

काय सांगू, असं काकांनी हातानेच विचारलं. मग त्यांना कामाचंच सुचलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तेव्हा आतली माणसं सगळी बटणं दाबतात आणि मग दार ओढायला लागतात. खरा धोका तिथे असतो. दार जबरदस्तीने उघडून माणूस बाहेर उडी मारायला गेला, तर खाली पोकळी. म्हणून काका पोचल्यावर आधी काहीच करत नाहीत. बाहेर पायरीवर बसतात. मी आलोय, एवढं सांगतात. आतल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. तो खाली बसला, सावकाश झाला, की मग वर यंत्राच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला आणायची. दार सगळ्यात शेवटी.

एवढं सांगायला काकांना वीस मिनिटं लागली. चहा गार झाला. तीन ठिकाणी ते असे अडकले की बाईंच्या जिभेवर शब्द तयार होऊन उभा राहिला. त्यांनी तो गिळला, आणि तिन्ही वेळा काकांनी भलताच शब्द काढला. ‘पळतात’ वाटलं होतं, ‘पायरी’ निघाली. तिन्ही चुकीचे! मग इतकी वर्षं आपण किती चुकीचे शब्द यांच्या हातात ठेवले, आणि हा गडी “हो, तेच” म्हणत घेत राहिला? किती गोष्टी अशा भलत्याच होऊन गेल्या, कोण जाणे. त्यांनी उठून चहा पुन्हा गरम केला.

गुरुवारी रंगीत तालीम. पूर्ण कपडे, पूर्ण दिवे. कपाट दारात अडकलं, डॉक्टर दाढ धरून गायला, नवरीने बॅग उघडली आणि आतून कोणाचे तरी पोहायचे कपडे निघाले. बाई घड्याळाच्या काट्यासारखं प्रत्येकाला त्याचं त्याचं देत होत्या. तिसरा अंक आला. कारकुनाने विचारलं, “बोट आली, तर जाल?” वाद्यं थांबली.

बाईंनी पुस्तक मिटलं. एकोणतीस वर्षांत खेळ चालू असताना मिटलेलं नव्हतं. दोन्ही हात त्यावर ठेवले आणि मान वर केली. ताई अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता, वरचा, उथळ, भ्यालेला. ताई खाली बघत नव्हत्या. खालून काही येणार नाही, हे त्यांना कळलं असावं. किती वेळ गेला ते बाईंना सांगता आलं नसतं, कारण त्या मोजत नव्हत्या. श्वास हळूहळू खाली आला. ताईंच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग कसलीशी आठवण आली, मग थोडं हसू. बाई त्या वेळी पुढे नव्हत्या की मागे नव्हत्या. मग ताईंनी इतक्या हळू “जाईन” म्हटलं, की बाईंना ते नवीनच वाटलं. खाली भोकात बसून त्या घळाघळा रडल्या, आणि त्यामुळे पुढची ओळ द्यायची राहिली. कपाटवाल्या भावांपैकी धाकटा आ वासून उभा. तेवढी एक चूक मुलीने हसून सोडून दिली.

शुक्रवारी चारला बाई कंपनीत हजर होत्या. समारंभ गोदामातच होता. एका बाजूला पोलादी दोरांची रिळं, दुसऱ्या बाजूला लिफ्टची सुटी दारं भिंतीला टेकवलेली, मध्ये तीसेक खुर्च्या. बाईंना पहिल्या रांगेत साहेबांशेजारी बसवलं होतं. साहेब बोलले, दोन सहकारी बोलले. मग काका उठले. निळा कोट. हातात कागद नव्हता.

सुरुवातीलाच ते अडकले. गोदामात कोणी खोकलं, कोणी बूट हलवले. बाई काकांच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. शब्द आला, पुढचा आला. सावकाश, अडखळत काका सांगत गेले. चौतीस वर्षं ते बंद दारांशी बोलले. आतल्या माणसांनी त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“त्यांना दुसरीकडे कुठे जाताच येत नव्हतं,” काका म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

“फक्त एकदा असं झालं नाही. नाट्यगृहातली सामान चढवायची लिफ्ट अडकली होती. आतला दिवा गेलेला. आत एक मुलगी, स्वरलिपीच्या गठ्ठ्यांबरोबर, दीड तास. मी बाहेरून सांगायला गेलो की घाबरू नका, आणि पहिल्याच अक्षराला अडकलो. बराच वेळ. तर आतून आवाज आला, ‘घाबरू नका, असंच म्हणायचंय ना? बरं. तुम्ही ठीक आहात ना?’”

हसण्याचा पुन्हा कल्लोळ झाला. माना बाईंकडे वळल्या. बाईंचे कान लाल झाले.

“मी तिच्याशी लग्न केलं,” काका म्हणाले. “कारण...”

आणि तिथे ते थांबले.

मान ताठ झाली. डोळे खाली गेले. सगळे वाट बघू लागले. बाईंच्या डोक्यात वाक्यं रांगेने उभी राहिली. कारण मला बोलणारी बायको हवी होती. कारण माझं निम्मं काम झालं. दोन्ही चांगली होती, दोन्हींना टाळी मिळाली असती. साहेबांनी बाईंच्या कोपराला हळूच ढोसलं आणि कुजबुजले, “सांगा ना त्यांना.” मागच्या रांगेतूनही कोणीतरी बाईंकडे आशेने बघत होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, या बाईंचं कामच ते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. आपल्याला हे वाक्य माहीत नाही, ही गोष्ट त्यांना तेव्हा उमगली. कधीच माहीत नव्हतं. तेहतीस वर्षांत त्यांनी ते एकदाही संपू दिलं नव्हतं.

काकांनी डोळे वर केले. समोर बायको गप्प बसली होती. कोणी मदतीला येत नव्हतं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

“कारण अंधारात अडकली होती ती,” काका म्हणाले, “आणि सोडवायला निघाली होती मला.”

मग टाळ्या पडल्या, लोक उठून उभे राहिले, रिळांवर बसलेलेही उठले. बाई तेवढ्या बसून होत्या, डोळे भरलेले, नजर काकांच्या तोंडाकडे.

“अहो बाई, टाळ्या वाजवा की,” साहेब म्हणाले. “संपलं त्यांचं.”

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या. “त्यांना अजून काही म्हणायचं असेल.”